दीड हात तांबं

बिडवे सरांनी ते वाक्य बोलून पुढचं पान उलटलंसुद्धा, आणि वर्गात कुणाला काहीच झालं नाही. खिडकीतून बीडच्या चैत्रातला फुफाटा आत येत होता, मागचे दोन बाक पेंगत होते, आणि मी भिंतीला टेकून उभा होतो. मी सरांचा मदतनीस. सरांनी तोंडानं सांगायचं आणि मी नंतर वर्कशॉपमध्ये हातानं करून दाखवायचं, असा आमच्या तांत्रिक शाळेतला रिवाज. सर औरंगाबादहून आठवड्याला दोन दिवस येत. बोलणं एकसुरी, कितीही महत्त्वाची गोष्ट असो, आवाज तोच. त्याच आवाजात ते म्हणाले होते, "कार्बाइडच्या गॅसला लोखंड चालतं, रबर चालतं, पितळेचे जोड चालतात. तांब्याची नळी चालत नाही. हा गॅस तांब्याला धरतो आणि आतून काळपट थर जमतो. ओला आहे तोवर तो थर गप्प असतो. वाळला की नुसतं घासलं तरी फुटतो." एवढंच. मग ते वेल्डिंगच्या चष्म्याच्या काचांकडे वळले, कोणत्या कामाला किती काळी काच लागते ते सांगू लागले. मी मात्र तांब्यापाशीच राहिलो. माझ्या वरच्या खिशात, चौसाळ्याच्या सहकारी संघाच्या वर्कशॉपात माझ्या हाताखाली असलेल्या जमीलचं पोस्टकार्ड होतं. ते कालच आलं होतं, आणि काल मी ते वाचून हसलो होतो.

ते पुन्हा काढून वाचायची गरज नव्हती, तरी काढलं. जमील उर्दू शाळेत शिकलेला, त्यामुळे त्याचं मराठी अक्षर रस्ता चुकल्यासारखं तिरकं जातं. 'भाऊ, संघाचं वर्कशॉप गुरुवारी उघडतंय. टँकरच्या टाक्या जोडायचं काम आलंय. बारा वाजता चेअरमनसाहेब नारळ फोडणार. तुमची तांब्याची नळी दसऱ्यापासून बंद हाय, आतमधी गाळ वाळून बसला आसंल. मुहूर्ताच्या आधी तार घालून मोकळी करतो. सवड झाली तर या.' आज गुरुवार होता. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजले होते. दसरा, दिवाळी, संक्रांत, शिमगा. मी बोटं मोजली. सहा महिने. आणि हे सहा महिने कसले, तर ज्यांत चौसाळ्याच्या विहिरींचे तळ फाटले, जनावरांच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा आटलं, असले. ओलं राहायला जगात काही उरलंच नव्हतं, तर बंद खोलीतल्या नळीनं कुठून ओलं राहावं.

तास सुटल्यावर मी सरांना गाठलं आणि हसत हसत विचारलं, की समजा एखाद्यानं चुकून तांबं लावलंच, तर वाळायला किती दिवस लागतात. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. इतका मूर्ख कोण असतो, म्हणाले. मी म्हणालो, नाही, असंच आपलं. मग त्यांनी त्याच एकसुरी आवाजात सांगितलं, की तशी नळी सापडलीच तर तिला हात लावायचा नाही, ठोकायची नाही, आधी आतबाहेर पाण्यानं चिंब करायची, भरपूर पाणी, आणि ओली असतानाच अलगद सोडवून पाण्यात बुडवून ठेवायची. कुठे पाहिलीत का, असंही विचारलं. मी नाही म्हणालो. मला अजून कळत नाही, मी नाही का म्हणालो. माणूस बुडत असतानाही अंगावरचं धोतर सावरतो, त्यातला प्रकार. सरांना रजेची चिठ्ठी दिली, कारण पोटदुखीचं लिहिलं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

पोस्टात ट्रंक कॉलला पैसे भरले. चौसाळ्यात फोन एकच, संघाच्या कचेरीत, आणि कचेरीची किल्ली सेक्रेटरींच्या कनवटीला. टेलिफोनवाल्या बाई दोनदा म्हणाल्या, घंटी जातेय पण उचलत नाहीत. मला ती घंटी दिसत होती: बंद खोलीत, टेबलावर धूळ, आणि भिंतीच्या पलीकडे वर्कशॉपमध्ये तार शोधत असलेला जमील. त्याला घंटी ऐकू गेली असेल आणि त्यानं मनात म्हटलं असेल, साहेबलोकांचं काम असेल. मी दहाची एस.टी. धरली. बसायला खिडकी मिळाली म्हणून शेजारचा माणूस मला नशीबवान म्हणाला.

ती नळी मी का लावली हे नीट सांगायला पाहिजे, कारण नंतर सगळ्यांना वाटतं की असल्या गोष्टी आळशी माणसं करतात. मी आळशी नव्हतो, मी हुशार होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच. चौसाळ्याचा सहकारी खरेदी-विक्री संघ म्हणजे तेव्हा गावाचा अभिमान. खत, बियाणं आणि मागच्या अंगाला इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप. तीन वर्षांमागे मी तिथं फोरमन झालो आणि दसऱ्याला बीडच्या शाळेत येईपर्यंत होतो, म्हणजे मी, जमील आणि सिदू एवढ्या तिघांचा फोरमन. कार्बाइडचे खडे पाण्यात टाकून गॅस करायची टाकी होती, आणि टाकीपासून भिंतीपर्यंत रबराची नळी. ती नळी दर महिन्याला तडकायची. पत्र्याखाली ऊन असं की रबराची भाकरी व्हायची, उरलेली उंदरं खायची. संघाकडे पत्र लिहिलं की ठराव व्हायचा, ठराव झाला की मंजुरी, मंजुरी आली की माल नाही. एक दिवस भंगारातल्या जुन्या इंजिनाची तेलाची नळी माझ्या नजरेस पडली. तांब्याची, जाड, सरळ. मी ती दीड हात कापली, दोन्ही टोकांना पितळी जोड लावले आणि रबराच्या जागी बसवली. गंज नाही, तडा नाही, उंदराचा दात लागत नाही. आमच्या घरात आई सकाळी उठून पहिलं पाणी तांब्याच्या हंड्यातलं प्यायची. तांब्याला विटाळ नाही, असं ती म्हणायची. देवाला तांब्याचं ताम्हण चालतं, सूर्याला अर्घ्य द्यायला तांब्याचं भांडं चालतं, मग गॅसला का चालू नये? मला कधी प्रश्नच पडला नाही. जी वस्तू देवघरात चालते ती माणसाला मारील हे मनात येतच नाही आपल्याकडे.

त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत भगवानरावांनी, म्हणजे आमच्या चेअरमननी, माझा सत्कार केला. शाल, नारळ, आणि भाषणात माझं नाव. असा कामगार पाहिजे, म्हणाले, संघाच्या पैशाला हात न लावता काम करणारा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी शालीच्या घड्या मोडू नयेत म्हणून अवघडून बसलो. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, त्या दिवशी सगळ्या पान्यांना, हातोड्यांना गंध लागायचं, पण नळीला मान वेगळा. जमील घरून चिंच आणायचा. चिंचेचा कोळ लावून ती घासायचा, ती अशी लखलखायची की पत्र्याच्या भोकातून आलेलं ऊन तिच्यावर पडून समोरच्या भिंतीवर नाचायचं. आमचं बघून त्याचे वडील मैनुद्दीनचाचा, पंक्चरच्या दुकानातून उठून यायचे आणि म्हणायचे, अरे वा, सोन्याची हाय जणू. आम्ही बाहेरून घासत होतो. आत काय जमतंय ते कुणी पाहिलं नव्हतं, आणि बाहेरून घासताना जमीलचा अंगठा जितक्या जोरानं फिरायचा ते आठवून मी एस.टी.त माझा स्वतःचा अंगठा मुठीत दाबून धरला.

मांजरसुंब्याचा घाट चढताना गाडी कण्हायला लागली. शेजारचा माणूस डबा उघडून ज्वारीच्या लाह्या खात होता, मला घ्या म्हणाला, मी घेतल्या आणि हातातच धरून बसलो. मी हिशेब करत होतो, की जमील किती वाजता वर्कशॉप उघडेल. तो सकाळी नमाज पढून वडिलांना चहा देतो. मग दुकानाची फळी काढून देतो. म्हणजे आठ. मग झाडलोट. सहा महिन्यांची झाडलोट, पाणी शिंपडायला पाणी नाही, म्हणजे नुसती धूळ, एक तास. मग जाळी काढणं, पत्र्यावरची कबुतरं हाकलणं. तार त्याच्याकडे असेलच. तार नसावी, असं मी मनात म्हणत होतो, गावात कुणाकडे म्हणून तार नसावी. आणि या सगळ्याच्या मागे आणखी एक गोष्ट होती. तिच्याकडे मी वर्गातून निघाल्यापासून पाहत नव्हतो. ती काखेतल्या गळवासारखी, हात हलवला की कळायची. जमीलच्या जिवाची भीती मी उघड करत होतो, ती चांगल्या माणसाची भीती होती. दुसरी भीती तशी नव्हती.

दोन वर्षांमागे वैशाखात कार्बाइडच आलं नाही म्हणून वर्कशॉप महिनाभर बंद होतं. माल आला त्या सकाळी सिदूनं लवकर येऊन टाकी लावली. मी समोरच्या हॉटेलात चहा घेत होतो. फाटकन् आवाज झाला, मोठा नाही, लग्नात सुतळी बॉम्ब वाजतो तेवढा. आम्ही धावलो तर सिदू खाली बसलेला, दोन्ही हात तोंडावर, बोटांतून रक्त. जोड तुटून पितळेचा तुकडा उजव्या डोळ्यात गेला होता. नळी घट्ट होती म्हणून पान्यानं एक टोला दिला, असं तो सांगत होता. पण त्याच्या खिशात विड्यांचं बंडल निघालं. झालं. गॅसजवळ विडी, दुसरं काय. मीच पहिल्यांदा म्हणालो की आणखी कुणी, हे मला आता आठवत नाही. असं मी आजवर म्हणत आलो. गाडी घाटमाथ्यावर आली आणि वारा आत शिरला, तेव्हा मला स्पष्ट आठवलं, की मीच म्हणालो होतो. संघानं पंच बसवले. कागदावर लिहिलं, कामगारानं गॅसजवळ विडी पेटवली, त्याचाच निष्काळजीपणा. साक्षीदार म्हणून खाली माझी सही. मी चहा पीत होतो, मी काहीच पाहिलं नव्हतं. सिदू आंबेजोगाईच्या मोठ्या दवाखान्यातून पट्टी बांधून आला आणि माझ्या दारात उभा राहिला. "भाऊ, बंडल हुतं, पर म्या पेटिवली न्हवती. तुमी तरी खरं धरा," एवढंच म्हणाला. मी त्याला समजावलं. हातून होतं असं, म्हणालो. आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या तांब्यातून नवीन दीड हात कापून तिथंच बसवलं. तीच नळी आज जमीलच्या पुढ्यात होती.

चौसाळ्याच्या अलीकडे दोन मैलांवर दुष्काळी काम लागलं होतं. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग, ढिगांच्या मागे बायामाणसं, डोक्यावर पालं बांधलेली, आणि सगळीकडून हातोडीचा टकटक आवाज. ड्रायव्हरनं गाडी हळू घेतली. मी शोधत नव्हतो तरी तो दिसला. डोक्याला बांधलेलं फडकं उजव्या डोळ्यावरून खाली ओढलेलं, मान जरा तिरकी, कारण एकाच डोळ्यानं दगडाचा नेम धरायचा. हातोडी उचलायची, दगडावर मारायची. त्यानं गाडीकडे मान वर केली. मी चप्पल शोधायला खाली वाकलो. चप्पल पायातच होती. शेजारच्यानं विचारलं, काय हरवलं का? मी न्हाई म्हणालो आणि गाडी पुढे जाईपर्यंत तसाच वाकून बसलो. मूठभर लाह्या खाली सांडल्या.

सव्वाअकराला उतरलो. आवाज काही आला नव्हता, म्हणजे आधीच येऊन गेला नसेल तर. मी लोकांच्या तोंडांकडे पाहत होतो. गावात काही झालं की आधी तोंडं बदलतात. संघाच्या आवारात टँकर उभा होता आणि त्याच्यापासून फाटकापर्यंत घागरींची रांग, दर घराला दोन घागरी. बाया भांडत होत्या, म्हणजे सगळं ठीक होतं. मी पळालो नाही. पळत गेलो तर जमील दचकेल, हातातलं टाकील, हे मला पळावंसं वाटलं त्याच क्षणी सुचलं. मी लग्नघरात शिरावं तसा हळू आत गेलो. तो टाकीपाशी उकिडवा बसला होता. नळीच्या पुढच्या टोकाचा जोड त्यानं सोडवला होता, तोंड उघडं होतं, आणि हातात सायकलच्या ब्रेकची लांब तार. टोकाला चिंधी गुंडाळलेली. तार वाकडी होती म्हणून तो ती मांडीवर घासून सरळ करत होता. मी आवाज न चढवता म्हणालो.

"जमील, ती तार खाली ठिव. नळीला हात लावू नको."

"आलात व्हय भाऊ," तो हसून म्हणाला, "म्या म्हनलं, साहेब झालेत, कशाला येतेत." पण त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तार खाली ठेवली. मी त्याला दंडाला धरून पाच पावलं मागे आणलं. तो माझ्याहून दांडगा, पण पोरासारखा आला. घासलंस का आत, विचारलं. न्हाई, आत्ताच घालणार हुतो, ही तारच सरळ हुईना, म्हणाला. मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. नळी तिथंच भिंतीला होती, अर्धवट सुटलेली, खालच्या एकाच जोडावर तोललेली, आणि पत्र्यावर कबुतर उतरलं तरी थरथरत होती.

टाकीत पाणी किती, हे विचारायचीही गरज नव्हती. टाकीचा तळ कोरडाठाक होता. मुहूर्ताला म्हणून एक तांब्या भरून ठेवला होता, तेवढंच. तेवढ्यात भगवानराव आले, पांढरी टोपी, हातात नारळ, मागे सेक्रेटरी. मला पाहून खूश झाले, पाठ थोपटली. आणि मी, एवढं सगळं होऊन, पुन्हा तेच केलं. म्हणालो, साहेब, नवं काम आहे, नळीला आंघोळ घालून मग पूजा करू, चारपाच घागरी पाणी द्या. ते हसले. पूजेला तांब्याभर पुरे, म्हणाले, बाहेर बाया घोटभर पाण्यासाठी एकमेकींच्या झिंज्या धरतायत. खरंच होतं ते. रांगेतल्या दोघीतिघी दारापर्यंत आल्या होत्या. छबुबाई म्हणून एक होती, तिनं मोठ्यानं विचारलं, की लोखंडाला आंघूळ घालायला पानी हाय आन् लेकरांना न्हाई व्हय. रांगेत हशा झाला आणि लगेच तो हशा कडवट झाला. भगवानरावांनी मला डोळ्यानं खुणावलं, आटपा म्हणून. जमील नळीकडे बघत होता. त्याला अजून काही कळलं नव्हतं, तरी तो माझ्या बाजूनं उभा होता, आणि मला वाटलं, मी जर आता गप्प बसलो तर हा माणूस उद्या सकाळी कुणी नसताना, माझी लाज राखायला, ती नळी स्वतः घासून ठेवील.

मग मी सांगितलं. भाषण मला येत नाही. मी बायांकडे बघून सांगितलं, कारण भगवानरावांकडे बघवत नव्हतं. ही नळी तांब्याची आहे, ती मी लावली, त्यासाठी शाल घेतली. या गॅसला तांबं चालत नाही, हे मला आज सकाळी कळलं. हिच्या आत सुरुंगाची दारू धरलीय असं समजा. ओली असली की गप्प, वाळली की तारेनं घासलं तरी फुटते, पान्याचा टोला बसला तरी फुटते. जमील आता तार घालणार होता. पाण्याशिवाय तिला हात लावता येत नाही. मी एवढं बोललो आणि थांबलो. बाहेर टँकरचा नळ कुणीतरी बंद केला. भगवानराव हळू आवाजात म्हणाले, "राधाकिशन, झाकली मूठ ऱ्हाऊ दे. लोकांपुढं कशाला बोलायलास हे?"

रांगेतून एक बाई पुढे आली. डोक्यावर भरलेली घागर होती, म्हणजे तिचा नंबर होऊन गेला होता आणि ती घरी निघाली होती. घागर उतरवून तिनं माझ्यापुढे ठेवली, तेव्हा मी तिला ओळखलं. मुक्ताबाई, सिदूची आई. दोन वर्षांत तिचे केस सगळे पांढरे झाले होते. कुठं वतायचं दावा, एवढंच म्हणाली. मी तिला मागे थांबायला सांगितलं, तिची घागर घेतली, आणि जमीलनं दिलेलं पोतं तिच्या पाण्यात भिजवून, श्वास धरून, नळीवर पांघरलं. मग नरसाळं लावून उघड्या तोंडातून पाणी सोडलं, थेंबाथेंबानं, आजाऱ्याला पाजतात तसं. माझ्या आयुष्यात मी इतकं हळू काही केलेलं नाही. तिची घागर संपली तशी छबुबाईनं स्वतःची आणून ठेवली. मग आणखी कुणी. पाचवी घागर अर्धी झाली तेव्हा आतला गाळ सुटला आणि खालच्या जोडातून पाणी यायला लागलं, आधी काळं, मग तांबूस, गाळाचे कण घेऊन. जमीलनं ते पाहिलं आणि स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. हातानं मागचा जोड फिरवताना माझी बोटं घामानं की पाण्यानं घसरत होती ते कळत नव्हतं. तो सुटला. पोत्यासकट नळी मी पाण्याच्या लांब पत्र्याच्या टबात ठेवली, आणि टब आवाराच्या टोकाला, माणसांपासून लांब, नेऊन ठेवून आलो. पन्नास पावलं असतील.

परत आलो तर सगळे तसेच उभे होते. भगवानरावांनी नारळ सेक्रेटरीकडे दिला होता. मला वाटत होतं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल, रागवेल, आणि संपेल. मुक्ताबाई दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. ती मघापासून विचार करत होती हे तिच्या कपाळावरून कळत होतं. हळूहळू, दगड फोडावा तसा, तुकडा तुकडा करून विचार. मला कळलं की आता येणार, आणि मला पळून जावंसं वाटलं, सकाळपासून जितकं कधी वाटलं नव्हतं तितकं.

"सिदूच्या टायमाला बी तांब्याचीच हुती का नळी?"

भगवानराव म्हणाले, "मावशे, ते जुनं झालं आता." त्यांच्या आवाजात विनवणी होती, तिला नाही, मला.

"व्हय," मी म्हणालो. "तांब्याचीच. महिनाभर बंद पडून वाळली हुती. त्यानं पाना मारला आन् फुटली. सिदूनं विडी पेटिवली न्हवती, मावशे. म्या बघितलं न्हवतं आन् सही केली. आता दुसऱ्या कागदावर लिहून देतो, साहेबांसमोर."

ती माझ्यावर ओरडेल म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. एखादी शिवी, एखादा तळतळाट. तो मी घेतला असता, मला तो हवा होता. ती माझ्याकडे बघतच नव्हती. पदर हातात घेऊन ती त्याचं टोक पिळत होती, भिजलं नव्हतं तरी.

"त्यानं माज्यापुढं बेलभंडारा उचलला हुता," ती म्हणाली. "पेटिवली न्हवती म्हनून. आन् म्या म्हनलं, मुडद्या, द्येवाची खोटी आन घेतुयास. विडीपायी गेला तुजा डोळा. दोन वरीस त्यो माज्या हातची भाकर खातू, पर माज्याकडं बघत न्हाई. म्या त्याची आय. म्या बी त्याचं खरं धरलं न्हाई."

छबुबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला तो तिनं बाजूला केला. उठली, घागर तिथंच सोडली, आणि टँकरकडे न जाता फाटकातून बाहेर पडली. उन्हं डोक्यावर आली होती. पायात काही नव्हतं आणि ती डांबरावरून खडीच्या कामाच्या दिशेनं चालायला लागली. जमीलनं मला काही विचारलं, मी ऐकलं नाही. मी तिच्या मागे निघालो, वीस पावलं अंतर ठेवून, कारण जवळ जायची हिंमत होत नव्हती आणि मागे राहायचीही. दोन मैल वाट होती. तिला ती लवकर संपवायची होती, ती जवळजवळ पळत होती, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, की ही वाट संपू नये.